पितरांच्या पानावर माधव पोतनीस

नोकरी गेली की माणूस खंगतो, असं आपण ऐकून असतो. माधव पोतनीस नोकरी गेल्यावर जाड झाला. यात त्याचा काही दोष नव्हता. धारमधल्या निम्म्या मराठी घरांच्या पितरांनी मिळून त्याला जाड केलं होतं, आणि त्यातल्या एकाही पितराशी त्याची साधी तोंडओळख नव्हती.

पीथमपूरच्या ज्या कारखान्यात तो खरेदी विभागात होता, तो कारखाना ऐन आषाढात गुजरातेत गेला. यंत्रं गेली, साहेब गेले, गेटवरचं कुत्रंसुद्धा शेवटच्या ट्रकमध्ये चढून गेलं म्हणतात. माधव तेवढा मागे राहिला. वय पंचेचाळीस उलटलेलं. या वयाच्या माणसाला मुलाखतीला बोलावणारे लोक फोनवर फार गोड बोलतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. पुण्याचा मेव्हणा म्हणत होता, "उगाच तिथे काय कुढताय, सरळ इकडे या." बायको ऋजुता शिकवते ती शाळा धारची, लेक चिऊची दहावी धारची, मोठी बहीण ताई तर धारच्या वेशीबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. शेवटी घरात ठरलं, की दिवाळीपर्यंत आसपास कुठे जमलं तर ठीक, नाहीतर चंबूगबाळं आवरून पुणं. त्या दिवसापासून माधवला दिवाळी या सणाची धडकीच भरली.

प्रयत्नांत त्यानं कसूर केली नव्हती. समोरच्या दीपेशचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यानं माधवचा रिज्यूमे पाहिला आणि कपाळाला हात लावला. "भिया, ये क्या लिख रखा है? 'खरीदी का काम देखा.' आजकल सीधा-सादा कोई नी देखता. दम होना चिये." मग त्यानं कुठल्याशा एआयला विचारून इतका दम भरला, की छापून आल्यावर माधव तो कागद आदरानं वाचत राहिला. त्यात तो 'डायनॅमिक लीडर' होता. ऋजुतानं तो वाचून विचारलं, "हे कोण?"

श्रावण गेला, गणपती गेले, आणि पितृपक्ष लागला. माधव ओट्यावर बसून मोबाइलमध्ये नोकऱ्या चाळत होता, तेव्हा रस्त्यानं जाणारे गुरुजी थबकले. गुरुजी म्हणजे धारच्या मराठी समाजाचे अखेरचे खंदे भिक्षुक. सायकल भिंतीला टेकवून त्यांनी माधवला आपादमस्तक न्याहाळलं. कामाचा वार, दिवसाढवळ्या, घरात बसलेला, सहकुटुंब, धडधाकट ब्राह्मण! गुरुजींच्या डोळ्यांत जी चमक आली, ती माधवनं गेल्या दोन महिन्यांत कुठल्याच साहेबाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

"माधवराव, उद्या मोकळे आहात?"

"मी सध्या मोकळाच आहे," माधव जरा कडवटपणे म्हणाला.

"देव पावला! अहो, श्राद्धाला ब्राह्मण मिळेना झालाय. एक मुलाकडे पुण्याला गेले, दुसऱ्यांना खीर नुसती पाहिली तरी साखर चढते. बाकीचे सगळे इंदूरच्या ऑफिसांत. देवांच्या जागी दर्भ ठेवून भागवता येतं, पण पितरांच्या जागी जेवणारा माणूस हवा."

"मला मंत्र येत नाहीत, गुरुजी."

"मंत्र मी म्हणतो. तुम्ही फक्त जेवायचं आणि जेवताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. लग्नाला सतरा-अठरा वर्षं झाली ना? मग जमेल. बोला, कधीपासून येऊ शकता?"

'कधीपासून येऊ शकता?' हा प्रश्न ऐकण्यासाठी माधवचे कान आषाढापासून आसुसले होते. कोण विचारतंय आणि कशासाठी, हे बघायच्या आधीच तो हो म्हणून बसला.

पहिलं पान शिवाजीरावांकडे मांडलं होतं. शिवाजीराव गंधवानीच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी माधवचे पाय धुतले, गंध लावलं, पितृस्थानी बसवलं, आणि माधवच्या तोंडात पहिला घास गेल्याबरोबर मोठ्या उत्साहानं त्याच्या बेकारीचा विषय काढला. एरवी माधवला कुणी असा सल्ला दिला तर तो दोन वाक्यांत कटवायचा. इथे तोंड उघडायची सोय नव्हती. "तुम्ही डहीला का जात नाही? ब्लॉक ऑफिसात काँट्रॅक्टवर घेतात म्हणे." माधवनं अळूवडी चावली. "काल पाटणकर म्हणत होते, हाटपिपल्याच्या नृसिंहाला नवस बोला." माधवनं कढी भुरकली. "आणि मी म्हणतो, तेव्हाच सरकारी नोकरी का नाही धरली?" यावर माधवकडे बरंच काही बोलण्यासारखं होतं, ते त्यानं खिरीबरोबर गिळलं.

एवढ्यावर भागलं नाही. शिवाजीरावांच्या मातोश्री भवानीबाई पानासमोर येऊन बसल्या. त्यांच्या लेखी तिथे माधव नव्हताच. कैलासवासी यजमान बसले होते. "बघितलंत ना," त्या त्याला म्हणाल्या, "तुम्ही गेल्यापासून हा मला बदनावरच्या लग्नालासुद्धा नेत नाही." माधवनं शिवाजीरावांकडे करड्या नजरेनं पाहिलं. तेवढाच काय तो सूड.

घरी आल्यावर ताईनं गाठलं. ताई संस्कृत शिकवून निवृत्त झालेली, पण निवृत्त फक्त शाळेतून.

"श्राद्धाचं जेवलास ना? मग आज आठ गोष्टी वर्ज्य. पुन्हा जेवण नाही, प्रवास नाही, ओझं उचलायचं नाही, अध्ययन नाही, दान द्यायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही, होम करायचा नाही."

"या सात झाल्या."

"आठवी ऋजुताला विचार."

पुढच्या दिवसांत त्याचं नाव गावभर झालं. माधवराव वेळेवर येतात, पानात टाकत नाहीत, चेहरा असा गंभीर की खरोखरच कुणी वर जाऊन आल्यासारखं वाटतं. गुरुजी रोज सायकलवरून नवीन तिथी घेऊन यायचे. घरात मात्र पंचाईत होऊ लागली. गॅसची टाकी आली की माधव ओझं म्हणून हात लावेना. ऋजुतानं मुलाखतीच्या तयारीचं पुस्तक पुढे सरकवलं की ते अध्ययन. रात्री ती पोळ्या करायला बसली की हा पुनर्भोजन म्हणून पाणी पिऊन झोपे. "तुझं बरंय," ती म्हणाली. "शास्त्रानं सांगितलेली बेकारी आहे."

ती हे हसत म्हणाली खरी, पण माधवला ते लागलं. आणि आणखी एक गोष्ट लागत होती, जी त्यानं कुणाला सांगितली नाही: त्याला हे सगळं आवडायला लागलं होतं. रोज कुठेतरी त्याची वाट पाहिली जात होती. तो उशिरा आला तर कुणाचं तरी अडत होतं.

मधेच इंदूरच्या एका कंपनीनं ऑनलाइन मुलाखत ठेवली, नेमकी भोजनोत्तर. ऑनलाइन म्हणजे प्रवास का, यावर ताईनं बराच विचार करून परवानगी दिली. माधव वर शर्ट, खाली धोतर अशा बेतानं लॅपटॉपसमोर बसला. पोटात खीर, वडे, लाडू. पलीकडच्या मुलीनं पहिला प्रश्न इंग्रजीत आणि फार लांबलचक विचारला. प्रश्न संपेपर्यंत माधवचे डोळे मिटले होते. "सर, आपकी स्क्रीन फ्रीज हो गई है," ती म्हणाली. थोड्या वेळानं ती सहकाऱ्याला म्हणाली, "पिक्चर अटका है, पर आवाज आ रही है." तो आवाज म्हणजे माधवचं घोरणं. त्या कंपनीकडून पुन्हा गोड फोनसुद्धा आला नाही.

आणि मग देवासहून बोलावणं आलं. पंपाचे सुटे भाग बनवणारा कारखाना, खरेदी अधिकाऱ्याची जागा, म्हणजे नेमकं माधवचंच काम. देवास काही पुणं नव्हे. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहावं, शनिवारी घरी यावं, धारचं घर जसंच्या तसं. मुलाखत सर्वपित्री अमावस्येला दुपारी. ऋजुतानं देवापुढे साखर ठेवली.

गुरुजी मात्र चिंताक्रांत झाले. सर्वपित्रीला त्यांची गाडी नेहमीच ओव्हरलोड. मग त्यांनाच युक्ती सुचली. "माधवराव, देवासला माझे एक यजमान आहेत. जुनं सरदार घराणं. त्यांनाही ब्राह्मण मिळत नाहीये. तुम्ही पहाटेच्या बसनं जा, तिथे जेवा, आणि मग गावातल्या गावात मुलाखतीला जा. जेवल्यावर प्रवास होतोच कुठे?" ताईनं यातही एक पाचर मारली: परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी. माधवनं पिशवीत धोतर, इस्त्रीचा शर्ट आणि दमदार रिज्यूमे घातला आणि तो निघाला.

देवासचं ते घर टेकडीच्या पायथ्याशी, नव्या बांधणीचं, पण माणसं जुन्या रीतीची. घरचे मालक जगदेवराव सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून तयार होते. त्यांच्या मातोश्री उमाबाई पदर सावरून म्हणाल्या, "आपण यावं. पानावर बसावं." इतकं अदबशीर मराठी माधवनं धारमध्येही फार दिवसांत ऐकलं नव्हतं. श्राद्ध जगदेवरावांच्या वडिलांचं, बापूसाहेबांचं. तिथल्या गुरुजींनी माधवचं नावही विचारलं नाही. "धारचे ब्राह्मण आले," एवढ्यावर ओळख आटोपली. जगदेवरावांनी पाय धुतले, ते पाणी डोळ्यांना लावलं, आणि माधव बापूसाहेब झाला.

जेवण निम्म्यावर आलं तेव्हा वाढणाऱ्या मुलाचा, म्हणजे जगदेवरावांच्या यशराजचा, फोन वाजला. तो दारात जाऊन बोलला आणि परत येऊन वडिलांना म्हणाला, "पप्पा, ऑफिसमधून होता. दुपारी तीन कँडिडेट आहेत, परचेजसाठी."

"कोण कोण?"

"दोन इंदूरचे, एक धारचा कोई पोतनीस. पप्पा, वो तो फेकू लगता है. रिज्यूमेमध्ये लिहिलंय, डायनॅमिक लीडर. वय पंचेचाळीसच्या वर."

माधवच्या हातातला वडा कढीच्या वाटीवर अधांतरी राहिला.

"मग कशाला बोलावलंस?" जगदेवराव वाढता वाढता म्हणाले. "आता बोलावलंय तर दोन प्रश्न विचार आणि वाटेला लाव."

"यशराज!" उमाबाई कडाडल्या. "बापूसाहेब पानावर आहेत. त्यांच्यासमोर कारखाना नको."

बापूसाहेब पानावर खरोखरच बसले होते, आणि त्यांच्या कानशिलांवर घाम आला होता. आपलं घर, चिऊची दहावी, ऋजुतानं ठेवलेली साखर, सगळं 'वाटेला लाव' या दोन शब्दांत आटोपलेलं त्यानं ऐकलं, आणि मौन असल्यामुळे 'अहो, तो मीच' एवढंही म्हणता येईना. त्यानं वडा कढीत बुडवला आणि खाल्ला. चव लागली नाही.

जेवण संपत आलं. आता रिवाजाप्रमाणे यजमान विचारतो, तृप्त झालात का, आणि पितरांच्या जागचा ब्राह्मण हो म्हणतो. पण इथे जगदेवरावांच्या आधी उमाबाईच पुढे आल्या. हात जोडून म्हणाल्या, "काही राहिलं असेल तर मागावं. आज आपण मागाल ती या घरात आज्ञा."

जगदेवरावांनीही हात जोडले. यशराजनंही, त्याला काही कळत नसूनही, जोडले.

माधवच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक वाक्य! 'त्या धारच्या माणसाला ठेवून घ्या.' बापूसाहेबांची आज्ञा. उमाबाईंनी ती सूर्य मावळायच्या आत अमलात आणली असती. दिवाळी गोड, पुणं रद्द. त्यानं तोंड उघडलं. समोर त्या म्हातारीचे डोळे होते, आणि ते माधव पोतनीसकडे बघतच नव्हते. ते जिच्याकडे बघत होते, त्या जागेवर आपण उसने बसलोय, हे त्याला इतकं जाणवलं की ते वाक्य त्यानं गिळलं. पण सगळे हात जोडून उभे. काहीतरी तर मागायला हवं.

"एक वडा," माधव म्हणाला.

मग उमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "शेवटच्या आजारात डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं," त्या म्हणाल्या. "रोज मागत होते. एक वडा दे, एकच दे. मी दिला नाही हो. गेले तसेच." त्यांनी स्वतःच्या हातानं पानात वडा ठेवला. माधवच्या पोटात आता आमसुलाची चटणीसुद्धा मावली नसती. तरी त्यानं तो वडा सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, आणि म्हणाला, "तृप्त आहे." त्याला त्या बाईची फार माया वाटली.

इस्त्रीचा शर्ट कारखान्याच्या स्वच्छतागृहात घातला, तेव्हा पोटावरचं बटण तटकन उडून बेसिनच्या भोकात गेलं. माधव त्या जागी रिज्यूमेची फाइल धरून आत शिरला. टेबलापलीकडे जगदेवराव आणि यशराज.

जगदेवराव ताडकन उभे राहिले.

"बसा ना, साहेब," माधव म्हणाला.

"आपण आधी बसावं," जगदेवराव म्हणाले. त्यांचा हात नकळत पायांच्या दिशेनं निघाला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला.

उमेदवार बसल्याशिवाय मालक बसेना, मालक बसल्याशिवाय उमेदवार बसेना. यशराजनं गडबडून ठरलेला प्रश्न विचारला, "सर, आपकी सबसे बड़ी कमजोरी?"

"वडे," जगदेवरावांच्या तोंडून गेलं.

माधवला हे सहन होईना. "साहेब, सकाळी मी सगळं ऐकलं. मौन होतं म्हणून बोललो नाही. डायनॅमिक लीडर मी नाही, ते दीपेशनं घातलंय. मी खरेदी बघत होतो, वीस वर्षं, आणि नीट बघत होतो. आणि तो वडासुद्धा… मला काही अंतर्ज्ञान झालं नव्हतं. काय मागावं ते सुचलं नाही. तेवढं आईसाहेबांना सांगू नका."

जगदेवराव म्हणाले, "दुसरंही मागता आलं असतं तुम्हाला."

"आलं असतं."

"मग?"

"ती जागा माझी नव्हती, साहेब."

जगदेवरावांनी यशराजला सांगितलं, "बाकीच्या दोघांना चहा पाज. मला यांच्याशी नीट बोलायचंय." पण नीट बोलणार कसे? सकाळी ज्यांचे पाय धुतले त्यांना पगाराचं कसं विचारायचं? शेवटी त्यांनी घरी फोन लावला, आणि फोनच्या स्पीकरमधून उमाबाईंचा निकाल आला: "बापूसाहेबांना हजेरी लावायला लावणार? नोकर म्हणून? मी जिवंत असेपर्यंत हे होणं नाही!"

माधवनं डोळे मिटले. नोकरी देणारा तयार, घेणारा तयार, आणि आडवे कोण आले तर तो स्वतःच, कैलासवासी होऊन. त्यात त्याला आठवलं. "तसंही मला आज काही घेता येत नाही. प्रतिग्रह वर्ज्य आहे. ताई म्हणते."

"कोण ताई?" स्पीकर म्हणाला.

मग यशराजनं आपल्या मोबाइलवरून ताईला लावलं आणि दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. माधवच्या नोकरीची खरी मुलाखत ती झाली. तीन पुरुष उभ्यानं ऐकत होते.

"नमस्कार. आपलं म्हणणं अगदी शास्त्राला धरून आहे," ताई म्हणाली. "पण पितर राहतात कधीपर्यंत?"

"अमावस्येचा सूर्य मावळेपर्यंत," उमाबाई म्हणाल्या.

"त्यानंतर तो कोण?"

उमाबाई म्हणाल्या, "त्यानंतर… ते गेले."

"आणि उरला आमचा माध्या. त्याला खुशाल हजेरी लावा. उशीर केला तर कापा."

"उद्या घटस्थापना आहे," उमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "दिवस चांगला आहे. पण आज त्यांना मुक्कामाला ठेवू नका हं. पितर मुक्काम करत नाहीत."

म्हणून माधवनं ती रात्र बसस्टँडजवळच्या लॉजवर, शास्त्रानुसार उपाशी काढली. दुसऱ्या दिवशी टेकडीवर देवीच्या दर्शनाची रांग लागली होती, तेव्हा तो पुन्हा कारखान्यात गेला. या वेळी जगदेवराव आधी बसले. माधवला हायसं वाटलं. मग त्यांनी त्याला चांगलं पिंजून काढलं: माल, भाव, दगाबाज पुरवठादार, सगळं. एकदा तर आवाजही चढवला. माधवनं तो आनंदानं ऐकून घेतला. शेवटी जगदेवरावांनी विचारलं, "कधीपासून येऊ शकता?"

या प्रश्नाला भारदस्त उत्तर द्यायचं त्यानं आषाढातच ठरवून ठेवलं होतं. घरच्यांशी बोलतो, एक-दोन ठिकाणी विचार चाललाय, वगैरे.

"आलोच आहे," माधव म्हणाला.

धारला बातमी पोचली तेव्हा दीपेशनं पेढे मागितले, कारण यश रिज्यूमेचं. शिवाजीरावांनी आपण देवासच सुचवलं होतं असं चारचौघांत सांगितलं. ऋजुतानं शर्टाला बटण लावलं आणि पोट जरा आत घे म्हणाली, आणि माधवला तेवढं पुरलं. अख्ख्या गावात वाईट वाटलं ते एका गुरुजींना. सायकल टेकवून ते ओट्यावर बसले.

"लागली का नोकरी? अरेरे. इतका गुणी ब्राह्मण घडवला होता हो. पुढच्या सर्वपित्रीला तरी सुट्टी काढून याल ना?"

"नाही जमायचं, गुरुजी," माधव म्हणाला. "कारखान्यात सहा महिने प्रोबेशन आहे. तिथलं काही सांगता येत नाही. पण उमाबाईंच्या पानावर मी कायम झालोय."